उसाच्या मुलखातून बिनसाखरेचा प्रवास

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या वाटेला गोड वास सुटतो. करवीर-पन्हाळ्याच्या बाजूला गुऱ्हाळांच्या चिमण्या धुरू लागतात, काहिलीत रस खदखदत असतो आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी गोगलगायीसारखी सरकत असते. या मुलखात पाहुण्याला कोरडे पाठवायची रीत नाही. गुऱ्हाळावर पाऊल टाकले की रसाचा तांब्या, मग गरम काकवी आणि निघताना हातावर गुळाचा खडा! मधुमेह जडलेल्या माणसाने अशा मुलखातून काय प्यावे आणि ते मागावे कसे, ते आज सांगतो. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. दिवसाकाठी पाच-सहा वस्त्या फिरतो, आणि मधुमेहाला माझ्याकडे येऊन आता नऊ वर्षे झाली.

आधी हिशेब करू. घरोघरच्या चहात कपाला दोन चमचे साखर धरा. सहा घरी सहा कप म्हणजे बारा चमचे, पन्नास-साठ ग्रॅम साखर, तीही जेवण सोडून. म्हणून मी ओसरीवर टेकायच्या आधीच सांगून टाकतो, "वहिनी, माझा चहा साखर टाकायच्या आधी गाळून घ्या." एकदा साखर पडली की बिचाऱ्या माउलीला दुसरे आधण ठेवावे लागते, आणि त्या संकोचापायी माणूस गोड चहा मुकाट्याने पितो. पुष्कळ जण तर आजारच लपवतात. लेकीची सोयरीक जुळायची आहे, भावकीत बोलबाला होईल, अशी भीती. बायका तर अधिकच लपवतात. लग्नघरी विहीणबाईंच्या हातचे सरबत परत कसे करायचे, म्हणून पिऊन टाकतात आणि रात्रभर तहानेने उठत राहतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाची माणसे दहा कोटींच्या वर निघाली. लाजायचे कोणी आणि कोणापुढे?

आता या भागातला नेहमीचा प्रश्न ऐका. साखर नको म्हटले की आतून आवाज येतो, "मग गुळाचा च्या टाकू काय साहेब? गुळानं काय हुतंय?" कोल्हापूरच्या गुळाचा मलाही अभिमान आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेने तो दूरवर पोचवला आणि २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण शेतकी शाळेत शिकलेला माणूस म्हणून सांगतो, शंभर ग्रॅम चांगल्या गुळात ऐंशीच्या आसपास सुक्रोज असते, आणि सुक्रोज म्हणजे आपली साखरच. थोडे लोह आणि क्षार जास्त, म्हणून तो मधुमेहाला चालतो असे होत नाही. काकवीचेही तेच. उसाच्या रसाचे तर विचारूच नका. तोडणीला आलेल्या उसाचा ब्रिक्स १८ ते २२ भरतो. बर्फ वजा केला तरी एका ग्लासात पाच-सहा चमचे साखर पोटात जाते.

मग प्यावे काय? शहरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध देतात. त्यात वरून साखर नसते, दुधाची स्वतःची साखर मात्र असते. शिवाय कच्च्या दुधातून जनावरांचे रोग माणसाला येतात, म्हणून मी ते तापवूनच घेतो, कोल्हापूरकर मला हसले तरी. खाणावळीत सोलकढी मागा, पण साखर घातली आहे का ते विचारून. कोकम सरबत मात्र निव्वळ पाक. ताक चालते. लग्नातल्या मठ्ठ्यात साखरेचा हात सैल असतो, तो आधी घोटभर चाखून बघावा. शहाळे बिनसाखरेचे नाही, कधीमधी एखादे ठीक. आणि पेय म्हणूनच मोजायचे तर पांढऱ्या रश्शासारखे बिनसाखरेचे पेय दुसरे नाही. फक्त वाट्या मोजाव्यात.

कोल्हापूरहून पुण्याकडे निघालात की पेठ नाका, कराड, सातारा अशी ठिकाणे लागतात. एसटी थांबते दहा-पंधरा मिनिटे. हॉटेलातल्या पातेल्यात चहा साखरेसकटच उकळत असतो. गल्ल्यावर पैसे देण्यापूर्वीच "बिनसाखरेचा वेगळा टाका" म्हणावे आणि मग हातपाय धुवायला जावे. 'कमी साखर' म्हणाल तर तोच चहा कमी भरून हातात येईल! बटण दाबून चहा-कॉफी देणाऱ्या यंत्राच्या भुकटीत बहुधा साखर आधीच मिसळलेली असते, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. वाटेत कानिफनाथ, नवनाथ अशा पाट्यांच्या रसवंत्या दिसतील. पुरंदर तालुक्यातल्या बोपगावच्या मंडळींनी हा धंदा गावोगाव नेला. घुंगरांचा आवाज ऐकून मन ओढ घेतेच. रसवंतीवाल्याकडे लिंबू, आले, मीठ असतेच. तेच पाण्यात पिळून मागा. तो चमकतो, पण देतो. बाटलीबंद पेय घेतलेच तर बाटलीवर शंभर मिलिलिटरला साखर किती ते वाचा. 'वरून साखर घातलेली नाही' असे लिहिलेल्या फळांच्या रसात फळाची साखर भरपूर असते.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. मागच्या हिवाळ्यात खंबाटकीच्या अलीकडे आमच्या गाडीत एक शेतकरी बंधू घामाने डबडबले, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. पहाटेच्या गाडीसाठी त्यांनी इन्सुलिन घेतले होते आणि न्याहारी राहिली होती. "यांना शुगर आहे" म्हणून शेजारच्याने मोठ्या काळजीने साखरविरहित पेयाची बाटली पुढे केली. त्या वेळी तिचा काडीचा उपयोग नाही. अशा वेळी रक्तातली साखर उतरलेली असते आणि खरी साखरच द्यावी लागते. माझ्या खिशातल्या पुडीतली तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी माणूस ताळ्यावर आला, मग त्यांच्याच पिशवीतली भाकरी खाल्ली. पंधरा मिनिटांत फरक पडला नसता तर तेवढीच साखर पुन्हा द्यायची होती. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही ओतू नका, ते श्वासनळीत जाते. सरळ दवाखाना गाठा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने पुडी खिशात ठेवावी आणि सोबतच्यालाही ती कुठे आहे ते सांगून ठेवावे. बिनसाखरेचा चहा मागणाऱ्याच्या खिशात साखर, हे ऐकायला विनोदी वाटते खरे.

पुण्यात उतरल्यावर एका अमृततुल्यावर 'शुगर फ्री चहा मिळेल' अशी पाटी पाहिली. बरे वाटले. तरीही विचारले, "यात काय घालता?"

"गुळाचा आहे काका, एकदम बिनधास्त घ्या!"

मी म्हटले, "अरे बाबा, मी गुळाच्याच गावाहून आलोय. मला नुसतं दूध, पाणी आणि पावडर उकळून दे." त्याने छोटे पातेले शेगडीवर चढवले. चार मिनिटे लागली, चहा झकास होता.