काला अंब आणि एक टोपण

संक्रांतीनंतरच्या रविवारी अप्पांना घेऊन मी पानिपतास गेलो. दिल्लीस बदलून आलेल्या मराठी माणसाने काला अंब पाहिला नाही, तर त्याची इकडची नोकरी व्यर्थच म्हणावयाची. पण त्या दिवशी माझ्या मनात इतिहास नव्हता; अप्पांचे दुखणे होते.

त्यांना शौचावाटे पुन्हा रक्त पडू लागले होते. दोन वर्षांपूर्वी गावाकडे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली, ती असह्य कळांमुळे अर्ध्यावरच सोडावी लागली. ‘पुन्हा नाही’ हे त्यांचे शब्द तेव्हापासून अढळ होते.

रणातील रक्ताने येथला आंबा काळा पडला, अशी आख्यायिका आहे. आंबा आता नाही. विटांचा स्तंभ आहे. त्याच्यापाशी बसून मी डॉक्टरांचे सांगणे अप्पांना उलगडून सांगितले. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब; ओटीपोटात त्याला नागमोडी वळण. नळी रेटली की तिचा वेढा पडतो, आतड्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो आणि कळ येते. भिंग भिंतीला चिकटले की वाट दिसेनाशी होते; मग अधिक हवा भरावी लागते, तिनेही पोट दुखते. म्हणून नळीच्या टोकावर पारदर्शक, पुढून उघडे असे इवलेसे टोपण बसवितात. भिंगापुढे ते काही मिलिमीटरच येते. पण भिंग व भिंत यांत अंतर राखते, घड्या बाजूस सारते. त्याने नळी शेवटापर्यंत लवकर पोहोचते व वेदनाही काहीशा कमी होतात, असे तुलनात्मक अभ्यासांत आढळले आहे. फरक फार मोठा नसतो, हेही डॉक्टरांनी लपविले नव्हते.

अप्पा बराच वेळ स्तंभाकडे पाहत राहिले. भाऊसाहेब येथेच उभे होते, असे लोक सांगतात.

“1760 च्या ऑक्टोबरात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला,” ते म्हणाले, “आणि भाऊंची दिल्लीची वाट तुटली. उपाशीपोटी लढले बिचारे. त्यांना वाटच उरली नव्हती. मला दिसते आहे, आणि मी मागे फिरू? घे रजा.”

शुक्रवारी तपासणी पुरी झाली. मागची जेथे थांबली होती, त्याच्या पुढे एक मांसांकुर सापडला. तो तेथेच काढला. कर्करोग नाही, असा अहवाल आला. मात्र तसाच राहता तर पुढे धोका होता, असे डॉक्टर म्हणाले.

किरकोळ रजेच्या अर्जात कारण म्हणून मी ‘घरगुती काम’ एवढेच लिहिले होते.