हिरड्यांतलं रक्त

आमच्या पेडण्यात चवथीला दोन नातलग भेटले की देवाला नमस्कार झाल्याबरोबर विचारतात, "शुगर किती?" यात अतिशयोक्ती नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशभर झालेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यात मधुमेहात गोवा पहिला होता. देशाची सरासरी ११.४ टक्के, आपली २६.४. पण हिरड्यांची चौकशी कोणी करत नाही.

माझा मामा डिचोलीचा. खाणीवर त्याचा ट्रक चालायचा. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा बंद. ट्रक अंगणात आणि मामा सोप्यावर. सकाळी पातळभाजी-पाव, संध्याकाळी मिरचीभजी, आणि हालचाल फक्त टीव्हीच्या रिमोटची. पोट सुटलं, शुगर आली, गोळ्या आल्या. पुढे पाव सोडला, चहातली साखर सोडली, तरी आकडा हलेना. दात घासताना रोज फेस गुलाबी व्हायचा. मामी म्हणायची, "उष्णता झाली," आणि सोलकढी द्यायची. दुखत नव्हतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. खालचे दोन दात हलायला लागले तेव्हा मी त्याला दाताच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी तोंड बघण्याआधी एचबीए१सी विचारला. मला नवल वाटलं. मग त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक फट असते, निरोगी माणसात एक ते तीन मिलिमीटर. मामाची काही ठिकाणी सहा होती. त्या फटीत जंतू साचतात, हिरडी सुजते, आणि त्या सुजेतली द्रव्यं रक्तात उतरतात. पोटावरची चरबीही नुसती साठवण नाही, तीसुद्धा तसलीच द्रव्यं सोडते. दोन्हीकडून मारा झाला की इन्शुलिनचं काम अडतं, साखर वाढते. आणि साखर वाढली की हिरड्यांची जंतूंशी झुंजायची ताकद कमी होते. म्हणजे चक्रच! हॅराल्ड लोए यांनी १९९३ सालीच हिरड्यांच्या या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. आमच्याकडे अजून त्याला 'पायरिया' म्हणतात आणि लवंग धरतात.

मामा खुर्चीवरून उठायला बघत होता. "बाये, दात साफ केले की ते हलतात!" हा समज गावोगाव आहे. खरं तर हिरडी आणि हाड आधीच झिजलेलं असतं, दगडासारखा साचलेला थर निघाला की ते जाणवतं एवढंच. पेडण्याची आमची आजी तर दातांना मशेरी लावते, तिला हे पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

आमच्या वर्गातली किडकिडीत मंडळी म्हणतील, आम्हाला काय त्याचं? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आपली चरबी बाहेरून दिसतेच असं नाही.

मामाची सफाई तीन खेपांत झाली. एक दात काढावाच लागला. तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.९ वरून ८.४ वर आला, गोळ्या त्याच. अशा खोल सफाईनं तीन-चार महिन्यांत साधारण ०.४ ची घट होते, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. वजन मात्र त्यानं उतरत नाही, डॉक्टरबाईंनी हे मामाला दोनदा सांगितलं, कारण त्याचा चेहरा फारच उजळला होता. आता तो संध्याकाळी मये तळ्याच्या बाजूला चालायला जातो, पाऊस नसेल तर.

पुढची तारीख चवथीनंतरची आहे. नेवऱ्यांचं काय, हे मामानं विचारलं नाही.