पाय धुण्याचं काम

बधिर पायात काटा घुसला तरी कळत नाही, हे आपण ऐकलेलं असतं. मी ते पाहिलं आमच्या भागातल्या मिशनच्या कुष्ठरोग रुग्णालयात, ड्रेसिंग रूममध्ये. शेतातून आलेले एक बाबा बाकावर टेकले आणि त्यांनी चप्पल काढली. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता. बाबा मात्र सिस्टरांशी पावसापाण्याचं बोलत होते.

शाळेतली नोकरी संपल्यावर मी तिथं मदतीला जाऊ लागले. या रोगानं बोटं झडतात, असं लोक अजून म्हणतात. खरं कारण वेगळं आहे. रोगाचे जंतू नसांमध्ये शिरतात, स्पर्श जातो आणि तिथला घामही आटतो. कोरडी कातडी भेगाळते. चालताना जिथं दाब पडतो तिथं घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली जखम होते. दुखतच नसल्यामुळं माणूस त्याच पायावर मैलोन्‌मैल चालतो. जखम चिघळून हाडापर्यंत जाते आणि बोटं झिजतात ती त्यामुळं. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास या हातापायांचा अभ्यास सुरू केला आणि जगाला ही गोष्ट पटवून दिली. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. आता सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. पण मेलेली नस सहसा परत येत नाही. गोळ्या संपतात, पायांची काळजी जन्माची असते.

ती काळजी घ्यायची कशी, तर अगदी साधी. घमेल्यात साधं पाणी घ्यायचं. गरम नको, कारण भाजलेलंही कळत नाही. पाय अर्धा तास भिजू द्यायचे. कातडी मऊ झाली की खरखरीत दगडानं घट्टा हलक्या हातानं घासायचा. पाणी नुसतं निथळू द्यायचं आणि ओल्या पायालाच तेल लावायचं, म्हणजे भिनलेला ओलावा आत टिकतो. मग तळवा उजेडात धरून बघायचा. बोटांच्या बेचक्यांत बघायचं. हाताची मागची बाजू पायावर फिरवायची. एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम लागली, तर आत काहीतरी बिघडतंय असं समजायचं. चपलेचीही तपासणी करायची. बधिर पायांसाठीच्या चपलांचा आतला तळ मऊ रबराचा असतो आणि त्यांत खिळा मारत नाहीत. मागं पट्टा हवाच, नाहीतर चप्पल कधी निसटली ते पायाला समजत नाही.

हे सगळं मी खाली बुटक्या स्टुलावर बसून करायचे आणि बाबा वर बाकावर. पहिल्यांदा पायाला हात लावला तेव्हा त्यांनी पाय मागं ओढून घेतला. म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेच्या बाई. माझ्या पायाला नका हात लावू, मला पाप लागंल." आपल्याकडं पायाला हात लावायचा तो मोठ्यांच्या, देवाच्या. आणि या माणसाच्या पायाला घरातल्यांनीही कित्येक वर्षांत बोट लावलं नव्हतं. त्यांची ताटवाटी वेगळी होती, अंथरूण गोठ्याजवळ होतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही माझ्यापेक्षा वडील आहात. वडिलांच्या पायाला हात लावला तर पुण्यच लागतं." ते काही बोलले नाहीत, पण पाय परत घमेल्यात ठेवला.

त्या दिवशी मला पेत्र आठवला. योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या काळी घरातल्या सगळ्यांत खालच्या दासाचं हे काम. पेत्राला ते सहन होईना, तो नको नको म्हणू लागला. इतकी वर्षं मला वाटायचं, या प्रसंगात धुणाऱ्यालाच नम्र व्हावं लागतं. बाबांसमोर बसल्यावर उमगलं, की आपला धुळीचा पाय दुसऱ्याच्या हातात द्यायलाही तेवढीच नम्रता लागते. बाबांनी ती दाखवली. आणि यहूदा तेव्हा उठून गेलेला नव्हता. त्याचेही पाय प्रभूनं धुतले. म्हणून आमच्या घमेल्याशी कुणी कुणाला जातधर्म विचारत नाही. पाय पुढं केला की तेवढं पुरतं.

तिथल्या सिस्टरांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं, "पहिले काही दिवस तुम्ही धुवा. मग दगड त्यांच्या हातात द्या." सेवेतलं सगळ्यांत अवघड काम हेच, असं मला आता वाटतं. दुसऱ्याचं दुःख हातात घेतलं की ते सोडवत नाही. आपल्यावाचून त्याचं अडतं, याचं सुख वाटू लागतं, आणि तिथंच सेवकाचा मालक होतो. प्रभूनं पाय धुतले आणि एकमेकांचे पाय धुण्याचं काम शिष्यांवर सोपवलं. त्यानं आपल्याभोवती आश्रित जमवले नाहीत, सेवक घडवले.

बाबांनी दगड हातात घेतला. त्यांची बोटं आखडलेली होती, म्हणून आम्ही दगडाला कापडी पट्टा बांधून दिला. हळूहळू त्यांची जखम भरत आली. पुढं एक तरुण वॉर्डात आला. नवं लग्न झालेला, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण ठरवणारी तरतूद कायद्यातून गेली ती २०१९ साली, पण लोकांच्या मनातून ती अजून गेलेली नाही. त्याला आमच्यापैकी कुणी बोलतं करू शकलं नाही. बाबा घमेलं घेऊन त्याच्या खाटेशी गेले आणि म्हणाले, "आण पाय इकडं. मला कळतंय रे, तुला कळत नाही ते." त्यांनी त्याचे पाय धुतले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत मोठं प्रवचन.

पवित्र गुरुवारी काही मंडळ्यांमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. त्या दिवशी पुढं येणारे पाय घरून स्वच्छ होऊन आलेले असतात. विधी असावा, त्यातून आठवण राहते. पण आज्ञा पाळायची ती जिथं पाय खरोखर धुवायला हवेत तिथं. आपल्या तरुण मुलांना वाटतं की पाचारण म्हणजे आकाशातून आवाज येणं, दूरदेशी जाणं, व्यासपीठावर उभं राहणं. मी त्यांना सांगते, जवळच्या मिशन रुग्णालयात सकाळी जा, ड्रेसिंग रूमचं दार उघडंच असतं. पाणी भरायला, घमेली घासायला, शेजारी बसून बोलायला तिथं माणसं कमीच पडतात. आधी एक पाय हातात घ्या. पाचारण कशाला म्हणतात, ते तिथं बसल्यावर समजेल.