वीस अंश सहा कला

वाशीम शहराचे अक्षांश वीस अंश सहा कला, दशांशात २०.१. अकरावीत त्रिकोणमिती सुरू झाली तेव्हा नकाशावरून हा आकडा मी वहीत उतरवून घेतला. पुढे जे साधन हाती येईल त्यात तो घालून पाहायची सवयच लागली.

पहिलं साधन लॉग टेबल. साइनच्या पानावर डावीकडे अंश आणि वर सहा-सहा कलांचे रकाने. विसाच्या ओळीत, सहा कलांखाली, ०.३४३७ सापडलं. त्यासोबत शेजारपाजारच्या किमतीही नजरेखालून गेल्या. आधी भराभर वाढणारं हे फलन नव्वदाकडे जाताना कसं मंदावतं, ते बोट फिरवतानाच कळलं. बारावीच्या बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलवर भागवावं लागतं. त्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते फलनांचे आलेख मुलांकडून फार कमी काढून घेतले जातात याचं.

कॉलेजात सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला. बटण दाबलं की ०.३४३६५९६९४६. दहा अंक मिळाले, शेजार मात्र गेला. आत हे चालतं कसं, ते पुष्कळ वर्षांनी वाचलं. जॅक व्होल्डर यांनी १९५९ मध्ये मांडलेली कॉर्डिक ही रीत अनेक कॅल्क्युलेटरांत वापरली गेली. ४५, २६.५७, १४.०४ अशा मोजक्या कोनांची यादी यंत्राजवळ असते. ते कोन मिळवत-वजा करत ते हव्या कोनापाशी पोचतं, आणि त्यासाठी बेरीज, वजाबाकी व दोनाने भागणं एवढंच त्याला पुरतं. वाचताना मला आर्यभट आठवला. इ.स. ४९९ च्या सुमारास त्यानेही २२५, २२४, २२२, २१९ अशा चोवीस फरकांची यादी दिली. ते फरक मिळवत जा, ज्या, म्हणजे साइनच्या जुन्या किमती, तयार होत जातात. दीड हजार वर्षांच्या अंतरावरच्या या दोन रीतींमधली काटकसर मला विलक्षण सुंदर वाटते.

ग्राफिंग कॅल्क्युलेटर हाती यायला उशीर झाला. असा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ मध्ये काढला होता. मी पाहिला तो टीआय-८३, अमेरिकेत शिकणाऱ्या भाचीने सुट्टीत आणलेला. पडदा केवळ ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा. त्यावर मी पहिल्या भास्कराचं सातव्या शतकातलं सूत्र घातलं: क्ष आणि (१८० − क्ष) यांचा गुणाकार करा, त्याची चौपट घ्या आणि ४०५०० मधून तो गुणाकार वजा करून येणाऱ्या संख्येने भागा. साइनची जवळजवळ तीच किंमत येते. आमच्या २०.१ या आकड्याला ०.३४४८. दोन्ही आलेख पडद्यावर एकमेकांत मिसळून गेले, वेगळे ओळखूच येईनात. मग दोहोंच्या फरकाचा आलेख काढला आणि उभा अक्ष ०.००२ पर्यंत आवळला. तेव्हा ती लाट दिसली. तीसला अक्ष ओलांडून खाली जाणारी, पन्नाशीच्या सुमारास तळ गाठणारी, नव्वदला अक्षाला अलगद टेकणारी. एकेक किंमत काढत बसलो असतो तर ही चूक इतक्या नेमक्या आकाराची आहे हे मला कधी उमगलं नसतं.

वाशीमच्या माणसाला या गणितात परकं वाटायचं कारण नाही. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. दुसऱ्या भास्कराचार्यांनी ११८३ च्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात पृथ्वीच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवरची स्थळं सांगितली, त्यांत कांची, पर्यली, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांच्यासोबत वत्सगुल्म आहे. गावातलं मध्यमेश्वराचं देऊळ त्याच रेषेची आठवण सांगतं. आज मोजलं तर वाशीम उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून थोडं जास्त आहे. वेळेत जेमतेम साडेपाच मिनिटं. त्या काळच्या साधनांनी एवढं जवळ येणं मी मोठंच मानतो.

आता मुलांच्या फोनवर आलेखाची अ‍ॅप्स फुकट आहेत. वर्गात मी दिनमानाचं फलन देतो. अक्षांशाचा टॅन्जंट आणि सूर्याच्या क्रांतीचा, म्हणजे विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनीय अंतराचा, टॅन्जंट यांचा गुणाकार करायचा, तो ज्याचा साइन आहे तो कोन अंशांत घ्यायचा, त्याला दोन-पंधरांशाने गुणायचं आणि बारा तासांत मिळवायचं. २०.१ घातलं की वर्षाचा आलेख उमटतो. जूनमध्ये सुमारे तेरा तास तेरा मिनिटं, डिसेंबरात दहा तास सत्तेचाळीस. मुलं पंचांग उघडून पडताळतात. उजेडाच्या वक्रीभवनामुळे पंचांगात थोडी मिनिटं जास्त निघतात, त्यावर छान वाद होतो.

एकदा रिसोडकडच्या एका मुलीने अक्षांशाची सरकपट्टी ओढत सत्तरपर्यंत नेली. आलेख जूनमध्ये तुटला. अ‍ॅप बिघडलं, असं वर्ग म्हणाला. तिने जूनचा गुणाकार हाताने केला, तो १.१९ आला. ‘‘सर, साइन एकाच्या वर जातच नाही ना, मग कोन कुठून येणार?’’ थोडं थांबून तीच म्हणाली, ‘‘म्हणजे तिथं तेव्हा सूर्य मावळतच नसेल.’’