शून्य भागिले शून्यापाशी अडलेला प्रश्न

दहावीनंतर माझं गणित दुकानाच्या हिशेबापुरतं उरलं. अंबडला माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. थोरली अकरावी सायन्सला गेली आणि बालभारतीच्या पुस्तकातलं ‘लिमिट्स’चं प्रकरण घरात आलं. तिच्याबरोबर आपणही शिकावं म्हणून दुकान वाढवल्यावर मी वही घेऊन तिच्याजवळ बसू लागलो.

तिने पहिलं उदाहरण मांडलं: (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३). क्ष जसजसा ३ च्या जवळ जातो, तसतशी याची किंमत कुठे जाते? मी ३ घालून पाहिले, तर वर शून्य आणि खालीही शून्य. शून्याने भागता येत नाही, मग पुढे काय करायचं?

“बाबा, तीन घालायचेच नाहीत. तीनच्या जवळ जाऊन बघा.”

मग २.९ घेतले. वर्ग ८.४१, त्यातून ९ गेले की उणे ०.५९. त्याला उणे ०.१ ने भागलं की ५.९. पुढे २.९९ ला ५.९९ आले. पलीकडून ३.०१ ला ६.०१, ३.००१ ला ६.००१. दोन्ही बाजूंनी किमती ६ कडेच सरकत होत्या. हे मला मनापासून पटलं.

पेपरात मात्र कोष्टक मांडत नाहीत, अवयव पाडतात. क्ष² − ९ म्हणजे (क्ष − ३)(क्ष + ३). वरखालचा क्ष − ३ कटतो, क्ष + ३ उरतो, त्यात ३ घातले की ६. इथे मी पुरता गोंधळलो. काटताना म्हणायचं की क्ष म्हणजे ३ नव्हे, म्हणून क्ष − ३ शून्य नाही. आणि लगेच खालच्या ओळीत क्षच्या जागी ३ घालायचे. एकाच गणितात दोन्ही कसं चालेल? उत्तर बरोबर येतं, एवढ्यावर माझं समाधान होईना.

वाचत गेलो तेव्हा कळलं, की आयर्लंडमधल्या जॉर्ज बर्कली या बिशपने १७३४ मध्ये याच मुद्द्यावर न्यूटनच्या रीतीला धारेवर धरलं होतं. त्याची पक्की सोडवणूक व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. फ्रान्सच्या कोशीने १८२१ च्या पुस्तकात लिमिटला पाया दिला आणि जर्मनीच्या वायरश्ट्रासने तो काटेकोर केला. किंमत ६ च्या किती जवळ हवी ते तुम्ही सांगा. एक हजारांशाच्या आत हवी? मग क्ष ३ पासून एक हजारांशाच्या आत ठेवा, फक्त ३ वर नेऊ नका. कितीही बारीक अंतर मागितलं तरी असं करता आलं, की ६ ही लिमिट. मूळ राशीचं ३ वर काय होतं, हे कुणी विचारलेलंच नाही. शेवटी ३ घालतो ते क्ष + ३ मध्ये, आणि तिची किंमत ३ पाशी कुठेही तुटत नाही, म्हणून ते चालतं.

यानंतर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं एक गणित हाती आलं. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, तेच हे भास्कराचार्य. ग्रंथ ११५० चा. एका संख्येला शून्याने गुणलं, आलेल्यात त्याचंच अर्धं मिळवलं, तिप्पट केली, शून्याने भागलं आणि ६३ आले. तर संख्या कोणती? पहिल्याच पायरीला गुणाकार शून्य लिहून टाकला तर हाती काहीच उरत नाही. भास्कराचार्य सांगतात, पुढच्या क्रिया बाकी असतील तर शून्य गुणक म्हणून तसंच ठेवा. शून्याने भागायची वेळ आली की दोन्ही जातात. दीडपटीची तिप्पट म्हणजे साडेचारपट. ६३ भागिले ४.५, उत्तर १४. वायरश्ट्रासची काटेकोर व्याख्या इथे नाही, पण शून्य घालायची घाई न करण्याचं शहाणपण तेच आहे.

आता नवं उदाहरण आलं की मी आधी शून्य कुठून येतं ते शोधतो. अवयव पडत असतील तर पाडतो. वर्गमूळ असेल तर मधलं चिन्ह बदलून वरखाली गुणतो. शेवटी जवळच्या दोन किमती काढून ताळा करतो.

शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: रीत सांगण्याआधी किमतींचं कोष्टक फळ्यावर मांडा. आणि “काटताना तीन नाही, मग नंतर तीन कसे?” असं कुणी विचारलं तर त्याला गप्प बसवू नका. या प्रश्नाचं नेटकं उत्तर द्यायला मोठमोठ्या गणितज्ञांना शंभराहून अधिक वर्षं लागली. आपल्या मुलांसाठी वर्गातला एक तास तरी द्यायलाच हवा.