कीर्तिनाशेवरचे पंधरा गाळे

बांगलादेशात उतरलेली गंगा पद्मा हे नाव घेते आणि त्याबरोबरच एका काठाशी बांधून राहण्याचा स्वभावही टाकून देते. तळाशी खडक नसून खोलवर नुसता गाळ असल्यामुळे ती दर पावसाळ्यात एक तीर खाते, दुसरीकडे चर, म्हणजे वाळूची नवी जमीन, वर काढते. विक्रमपूरच्या बाजूला तिने इतके वाडे आणि मंदिरे गिळली, की तिथल्या प्रवाहाला लोक कीर्तिनाशा म्हणू लागले.

पाक्शीजवळचा हार्डिंज रेल्वेपूल याच नदीवर 1910 ते 1915 या काळात उभा राहिला. त्याआधी कलकत्त्याहून दार्जिलिंगकडे निघालेला उतारू दामुकदिया घाटावर गाडी सोडून बोटीने सारा घाट गाठी आणि तिथे दुसऱ्या गाडीत बसे. रॉबर्ट गेल्स या मुख्य अभियंत्यापुढे खरा प्रश्न नदी ओलांडण्याचा नव्हता, तर पूल बांधून झाल्यावर ती त्याच्याखालीच वाहील याची खात्री करण्याचा होता. त्यासाठी दोन्ही तीरांवर दगडांनी मढवलेले मार्गदर्शक बांध, म्हणजे प्रवाहाला पुलाच्या तोंडाशी आणून सोडणारे लांब बाहू, घालण्यात आले. खांबांखाली विहिरींचा पाया घेतला गेला: धारदार पोलादी कडेवर रचलेला पोकळ स्तंभ आतली वाळू उपसत स्वतःच्याच भाराने खाली सरकत जातो, आणि इथे तो पाण्याखाली सुमारे 150 फूट उतरला. डोळ्यांना दिसतात ते प्रत्येकी 345 फुटांचे पंधरा पोलादी गाळे. पण या पुलाचे थोरपण गढूळ पाण्याखालच्या, कुणालाही न दिसणाऱ्या त्या श्रमातच आहे, आणि ते श्रम करणाऱ्या हजारो मजुरांची नावे मात्र पुलाच्या नावात नाहीत.

नदी मात्र आपली जुनी सवय विसरली नाही. 1933च्या पुरात तिने उजव्या बांधाला भगदाड पाडले. पुढे डिसेंबर 1971च्या युद्धात बारावा गाळा पाण्यात कोसळला, आणि भारताच्या साहाय्याने झालेल्या दुरुस्तीनंतर 12 ऑक्टोबर 1972 रोजी पूल पुन्हा खुला झाला.

आता उन्हाळ्यात पद्मा इतकी आटते, की अनेक गाळ्यांखाली कोरडी वाळू दिसते. 1996च्या भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप करारात 1 जानेवारी ते 31 मे या काळात दोन्ही देशांच्या पथकांनी रोज पाणी मोजण्यासाठी जी ठिकाणे ठरली, त्यांत भारतातल्या फरक्का बंधाऱ्याबरोबर याच पुलाचे नाव आहे.