कोठार रिकामे होण्यापूर्वी

पंढरपूरहून मंगळवेढ्याला जाणारा रस्ता साधारण पंचवीस किलोमीटरचा. पौषात त्याच्या दुतर्फा शाळू उभा असतो. परतीच्या पावसाची ओल काळ्या जमिनीने धरून ठेवलेली असते आणि त्या ओलीवरच मालदांडीची कणसे भरतात. येथील ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हीच संत कान्होपात्रेची जन्मभूमी. येथेच गावकुसाच्या बांधकामात भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. आणि दुष्काळात सरकारी धान्याचे कोठार भुकेल्यांसाठी उघडणारे दामाजीपंत तर या गावाची ओळखच होऊन बसले आहेत.

यंदा मी गेलो तो मात्र दर्शनासाठी नव्हे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी मावशी न्यूमोनियामुळे येथील एका छोट्या रुग्णालयात दाखल होती. सहावा दिवस होता. ताप उतरला होता, श्वास सुधारला होता. पण खाटेवरून उठताना तिचे पाय लटपटत होते. सून मायेने म्हणत होती, "आई, तुम्ही उठू नका, मी सगळं हातात देते."

हे शब्द ऐकून मला माझे वडील आठवले. वीस वर्षांपूर्वी अशाच आजारानंतर मीच त्यांना महिनाभर पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला होता. आजार गेला, पण त्यानंतर अण्णा आधाराशिवाय कधीच चालू शकले नाहीत. डॉक्टर म्हणून ती माझी चूक होती.

स्नायू हे शरीराचे कोठारच होय. आजारपणात शरीर तेथील प्रथिने काढून वापरते. त्यात हालचाल थांबली की कोठार झपाट्याने रिते होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर पायांच्या स्नायूंचे वजन सरासरी सुमारे एक किलोने घटले. ही निरोगी माणसांची गत. मग आजाऱ्याचे काय?

याचे एक उत्तर स्पेनमधील पाम्प्लोना येथून आले. पंढरीप्रमाणेच तेही पायी यात्रेकरूंच्या वाटेवरचे गाव. तेथील रुग्णालयात पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३७० रुग्णांचा अभ्यास झाला व २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, तर उरलेल्यांना त्यासोबत दिवसातून दोनदा बेताचा व्यायाम दिला गेला: हलक्या वजनाचा, तोल सांभाळण्याचा, चालण्याचा. पहिल्या गटाची दैनंदिन कामे करण्याची क्षमता घरी जाताना घटलेली होती. व्यायाम करणाऱ्यांची ती टिकली, किंबहुना वाढली.

मावशीचा नातू पुण्याहून आभासी वास्तवाचा चष्मा घेऊन आला होता. यात प्रत्येक डोळ्यापुढे किंचित वेगळे चित्र येते, त्यामुळे खोली भासते. मान वळवली की दृश्यही वळते. "आजी, बघ ना, चंद्रभागा!" तो म्हणाला. खुर्चीत बसलेल्या मावशीने हात जोडले आणि नकळत बसल्या जागी पावले उचलू लागली. तीन-चार मिनिटांनी तिला गरगरले. डोळे सांगतात 'चालतो आहोत', कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते 'स्थिर आहोत'. या विसंगतीतून भोवळ, मळमळ होते. चष्मा लगेच काढला.

वृद्ध रुग्णांना व्यायामाची गोडी लावण्यासाठी हे तंत्र अनेक देशांत वापरून पाहिले जात आहे. त्याने उत्साह वाढतो, कंटाळा कमी होतो. परंतु बरेचसे अभ्यास लहान आहेत. साध्या व्यायामाची जागा ते घेईल असे मानू नये. वापरायचेच असेल तर डॉक्टरांना विचारून, हात असलेल्या भक्कम खुर्चीत बसवून, शेजारी माणूस ठेवून, दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करावी. फिट्स, चक्कर, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा आजारपणातील भ्रम असल्यास तो लावू नये.

चष्म्याविना करण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की रुग्णाला आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवावे. चक्कर येत नाही याची खात्री झाल्यावरच उभे करावे. जेवण शक्यतो खुर्चीत द्यावे. खुर्चीतून उठणे-बसणे पाच वेळा, आधार धरून टाचा उचलणे, शौचालयापर्यंत सोबतीने चालणे, एवढेही मोलाचे असते. पायांत न घसरणारी चप्पल हवी, डोळ्यांवर नेहमीचा चष्मा हवा. छातीत दुखले, धाप लागली वा गरगरले तर तत्काळ थांबून परिचारिकेला बोलवावे. आहारात डाळ, दूध, अंडे, पिठले-भाकरी असावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

गरगरणे ओसरल्यावर मावशी म्हणाली, "चंद्रभागा राहू दे रे. मला त्या खिडकीपर्यंत ने." नाडी, रक्तदाब पाहून मी तिचा हात धरला. दुसऱ्या बाजूने सून आली. अकरा पावलांचे अंतर होते. मध्ये दोनदा थांबलो. खिडकीतून रस्त्यापलीकडचे शेत दिसत होते. "कणसं भरलीत," मावशी म्हणाली आणि बराच वेळ गज धरून उभी राहिली.

चार दिवसांनी ती काठी टेकत स्वतःच्या पायांनी रुग्णालयाबाहेर आली. आता सून रोज संध्याकाळी मला फोन करते. पूर्वी ती फक्त ताप सांगत असे. आता मावशी अंगणात किती फेऱ्या चालली, तेही सांगते.